फवारणीचे द्रावण का फाटते?

कपाशीला पात्या-फुले धरली आणि भाद्रपदातील ऊन-पावसाची ओढाताण सुरू झाली, की यवतमाळ जिल्ह्यातील वणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव, कळंब या तालुक्यांतील वावरांमधून पाठीवरच्या पंपांची ये-जा सुरू होते. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि बोंडअळी या सर्वांचा बंदोबस्त एकाच फेरीत व्हावा, अशी शेतकऱ्याची स्वाभाविक इच्छा असते. मजुरी महाग आणि पावसाची उघडीप थोडी. त्यामुळे बादलीत एक औषध पडते, मागोमाग दुसरे पडते. पाने लाल पडू लागली म्हणून मॅग्नेशियम सल्फेट पडते. आणि औषध पानाला चिकटून राहावे म्हणून शेवटी शाम्पूची पुडी किंवा धुण्याची भुकटी पडते.

थोड्याच वेळात बादलीतील पाणी नासलेल्या दुधासारखे दिसू लागते. कडेला मेणचट थर जमतो, तळाशी गोळे बसतात. शेतकरी काडीने ढवळतो, फडक्यातून गाळतो आणि पंप भरतो. चार ओळी होतात न होतात तोच नोझल तुंबते. औषध भेसळीचे निघाले, असे म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. तसे क्वचित असेलही. परंतु पुष्कळदा प्रत्येक पुडा व प्रत्येक बाटली अस्सल असते आणि बिघाड होतो तो बादलीत. तो का होतो हे समजून घेतल्यास पैसा वाचतो आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे फवारणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो.

साबणाच्या अंगचा गुण

पाण्यात न विरघळणारे औषध पाण्यात समान पसरून राहावे, म्हणून कारखान्यात त्यामध्ये साबणाच्या जातीची द्रव्ये मिसळलेली असतात. त्यांना पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. आपल्याकडील रिठा आणि शिकेकाई यांतील फेस आणणारी द्रव्ये याच वर्गात मोडतात. अशा द्रव्याच्या प्रत्येक रेणूला दोन टोके असतात. एका टोकाला पाण्याची ओढ असते. दुसरी शेपटी तेलकट असून ती पाण्यापासून दूर पळते.

पाणी भरपूर आणि साबण थोडा असेल, तर हे रेणू शेपट्या आत व डोकी बाहेर करून लहान लहान गोळ्या बांधतात. साबणाचे प्रमाण वाढत गेले, की या गोळ्यांच्या लांब कांड्या होतात, कांड्यांच्या मोळ्या होतात आणि पुढे रेणूंचे पातळ पापुद्रे एकावर एक रचले जातात. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचा थर राहतो. हे पापुद्रे इतके बारीक असतात, की ते घट्ट रचले तर एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे अडीच लाख मावतात. ओल्या ताटलीत राहिलेल्या साबणाच्या वडीखाली जो बुळबुळीत लगदा तयार होतो, त्यात अशाच रचना असतात.

हा लगदा धड द्रव नव्हे, धड घनही नव्हे. तो वाहतो, पण त्यातील रेणू स्फटिकातल्याप्रमाणे शिस्तीने मांडलेले असतात. अशा अवस्थेला द्रव-स्फटिक म्हणतात. पदार्थाच्या या अवस्थेकडे प्रथम लक्ष वेधणारा मनुष्य वनस्पतिशास्त्रज्ञ होता, ही गोष्ट शेतीच्या अभ्यासकांना आवडण्यासारखी आहे. फ्रीडरिख रायनित्सर यांनी १८८८ मध्ये प्राग येथे गाजरातून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवून पाहिले. ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाले आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव एकाएकी स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू पाहून ते चकित झाले. त्या गढूळ द्रवाचे कोडे पुढे जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी उलगडले. आपल्या देशातही बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये द्रव-स्फटिकांचा एक नवा प्रकार शोधून काढला.

पापुद्र्यांची ही कल्पना काळ्या मातीच्या शेतकऱ्याला परकी वाटू नये. आपल्या कापसाच्या जमिनीतील चिकणमातीचे कणही पातळ पापुद्र्यांच्या चवडीसारखे असतात. वैशाखात पापुद्र्यांमधील पाणी आटले, की जमिनीला भेगा पडतात. मृगाचे पाणी आत शिरले, की तीच जमीन फुगून भेगा मिटतात. साबणाचे पापुद्रेही पाणी घेऊन असेच फुगतात आणि पाणी गमावून असेच दबतात. या दोहोंमध्ये आणखी एक साम्य आहे. दोन्हीकडे कारभार विद्युत्भाराच्या हाती असतो.

भारित बहुवारिके

लहान रेणूंचे मणी एकापुढे एक ओवून निसर्ग किंवा कारखाना लांबलचक माळा तयार करतो. या माळांना बहुवारिके म्हणतात. बाभळीचा डिंक, गवारीच्या दाण्यातील गोंद, दुधातील प्रथिने आणि कागदाच्या कारखान्यात लाकडापासून निघणारी लिग्निनची द्रव्ये ही सर्व बहुवारिके होत. काही माळांच्या मण्यांवर धनभार असतो, काहींच्या ऋणभार असतो, तर काही भाररहित असतात. गवारीचा गोंद मुळात भाररहित आहे. मात्र त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्यास धनभार देता येतो.

भारित माळेचे सामर्थ्य खेड्यातील घरांनी पूर्वीच ओळखले आहे. गढूळ पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड कालवून ठेवली, की काही वेळाने गाळ तळाशी बसून पाणी निवळते. मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि शेवग्याच्या बियांतील प्रथिनावर धनभार. विरुद्ध भार एकमेकांस ओढतात, कण एकत्र बांधले जातात, जड होतात आणि खाली बसतात. पाणी निवळण्यासाठी हा गुण उपकारक आहे. पण फवारणीच्या द्रावणात नेमके उलटे हवे असते. तेथे कणांनी एकमेकांपासून अलग राहून अखेरच्या थेंबापर्यंत पाण्यात तरंगत राहावयास पाहिजे.

साबणाच्या जातीच्या द्रव्यांनाही असाच भार असतो. धुण्याच्या भुकट्यांतील मुख्य द्रव्य ऋणभारित असते. काही तणनाशकांच्या द्रावणांत धनभाराकडे झुकणारी अमाइन जातीची द्रव्ये वापरलेली असतात. फवारणीसाठी म्हणून तयार केलेल्या अनेक चिकट द्रव्यांतील पृष्ठसक्रिय द्रव्ये मात्र भाररहित असतात, आणि त्याला तसेच कारण आहे.

भेट झाल्यावर काय घडते?

बहुवारिकाची माळ आणि साबणाचे रेणू पाण्यात एकत्र आले, की तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार विरुद्ध भारांचा. माळेवरील प्रत्येक भार साबणाच्या एकेका डोक्याला धरून ठेवतो. तोपर्यंत दोघांभोवती अडकून पडलेले लहान अयन मोकळे होऊन पाण्यात विखुरतात. या मीलनाचे मुख्य बळ त्यातच असते. माळ पापुद्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना जवळ ओढते, मधले पाणी बाहेर पडते आणि घट्ट रचना तयार होते. माळेवर भार दाट आहे की विरळ, व पाणी किती आहे, यानुसार ही रचना कधी थरांची होते, तर कधी कांड्यांच्या मोळीची. एरवी भरपूर साबण असल्याखेरीज न होणारी ही शिस्तबद्ध बांधणी भारित माळेच्या मदतीने अगदी पातळ द्रावणातही होते. डोळ्यांना मात्र ती शिस्त दिसत नाही. दिसतात ते मेणचट कण, चिकट तवंग किंवा दह्यासारखे गोळे. दोन्हीकडील भार जेव्हा जवळजवळ सारखे होतात, तेव्हा हे फाटणे सर्वांत अधिक असते.

दुसरा प्रकार समान भारांचा. येथे दोघे एकमेकांस दूर लोटतात. माळ पापुद्र्यांच्या बाहेर राहते आणि पाणी स्वतःकडे खेचते. दाट द्रावणात यामुळे पापुद्रे दबले जाऊन दोन वेगळे थर पडू शकतात. परंतु फवारणीच्या पातळ द्रावणात सहसा काही बिघडत नाही. उलट, समान भारामुळे कण परस्परांपासून अलग राहतात. पाण्यात मिसळणाऱ्या भुकट्यांमध्ये लिग्निनची ऋणभारित बहुवारिके याच हेतूने घातलेली असतात. ती औषधाच्या कणांवर बसून प्रत्येकास सारखाच भार देतात.

तिसरा प्रकार असा, की दोहोंपैकी एक भाररहित असतो. तेव्हा ओढही थोडी आणि लोटणेही थोडे. म्हणून मिश्रणात भाररहित द्रव्ये अधिक निर्धोक ठरतात.

क्षारांमुळे या व्यवहारात फेरफार होतो. साध्या मिठासारखे क्षार भारांभोवती गर्दी करून त्यांची ओढ व लोट दोन्ही कमी करतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यावर दुहेरी धनभार असल्याने ते दोन ऋणभारित कणांमध्ये पुलासारखे बसतात आणि त्यांना एकत्र बांधतात. जड पाण्यात साबणाचा फेस न होता साका बसतो, तो याचमुळे.

हेच पंपात कसे घडते?

वर सांगितलेले नियम आता आपल्या बादलीला लावून पाहू.

शाम्पू : केस मऊ ठेवणाऱ्या पुष्कळ शाम्पूंमध्ये ऋणभारित फेसद्रव्य आणि धनभारित बहुवारिक एकत्र असते, प्रक्रिया केलेला गवारीचा गोंदही त्यासाठी वापरतात. पुडीत फेसद्रव्य भरपूर असल्याने दोघे सुखाने नांदतात. पाणी पडून ते पातळ झाले, की दोघांची संयुक्त रचना अलग होते व केसांवर बसते. केसांसाठी ते इष्टच आहे. पंपात मात्र तीच रचना औषधाच्या ऋणभारित कणांना घेऊन खाली बसू शकते. धुण्याच्या भुकटीत धनभारित माळ नसली, तरी तिच्यात क्षार व अल्कली असतात आणि अल्कलीमुळे काही औषधांचा गुण लवकर नाहीसा होतो. म्हणून शाम्पू व धुण्याची भुकटी यांना चिकट द्रव्याची जागा देऊ नये.

लाल्यावरील क्षार : पाने लाल पडल्यावर फवारावयाचे मॅग्नेशियम सल्फेट हे दुहेरी भाराचे क्षार होय. ते औषधात टाकल्यास भुकटीच्या कणांना अलग ठेवणारा ऋणभार झाकला जातो व कण गोळा होतात. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र आल्यास तर औषध नसतानाही साका बसू शकतो. अन्नद्रव्यांची फवारणी वेगळी करणे हाच खात्रीचा मार्ग.

पाणी : जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळ्या पाषाणातील विहिरी आहेत, आणि वणी-मुकुटबनच्या बाजूस जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. अशा ठिकाणचे पाणी जड असू शकते. साबणाचा फेस लवकर होत नसेल, तर ते पाणी जड समजावे. त्याच्याऐवजी साठविलेले पावसाचे स्वच्छ पाणी मिळाल्यास उत्तम. शेततळ्याचे अथवा नाल्याचे गढूळ पाणी वापरू नये. त्यातील ऋणभारित माती काही औषधांना, विशेषतः काही तणनाशकांना, धरून ठेवते आणि निकामी करते.

न धुतलेला पंप : तणनाशक व कीटकनाशक यांसाठी एकच पंप वापरला, तर तळाशी राहिलेल्या अंशामुळेही नवे द्रावण फाटू शकते, शिवाय पिकाला इजा होते ती वेगळीच. तणनाशकासाठी पंप स्वतंत्र ठेवावा.

थोड्या पाण्यातील घाई : दाट चिकट द्रव्य थोड्याशा पाण्यात ओतले, की त्याचा बुळबुळीत गोळा होतो व पुढे तो लवकर विरघळत नाही. हा गोळा म्हणजेच वर वर्णिलेला द्रव-स्फटिक. असे द्रव्य भरपूर पाण्यात, ढवळत ढवळत आणि सर्वांत शेवटी घालावे.

तुंबलेले नोझल आणि मनुष्याचा जीव

द्रावण फाटले म्हणजे केवळ औषध वाया गेले, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. गोळे तळाशी बसल्याने पंपातून कधी नुसते पाणी, तर कधी अतितीव्र औषध बाहेर पडते. कीड मरत नाही, म्हणून पुढल्या खेपेस मात्रा वाढविली जाते. नोझल तुंबले, की मजूर ते हाताने उघडतो, आणि कित्येकदा तोंडाने फुंकून साफ करतो. बादलीतील गोळे हाताने कुस्करले जातात. अशा प्रत्येक वेळी विष त्वचेवाटे, तोंडावाटे किंवा श्वासावाटे शरीरात शिरते.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या दिवसांत अशा रुग्णांची रीघ लागली होती. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दमट उष्णता, संरक्षक कपड्यांचा अभाव आणि अनेक जहाल औषधांची मनाने केलेली मिश्रणे, अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. त्यांपैकी हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु बादलीत काय पडावे हे सर्वस्वी त्याच्या हाती आहे.

बरणीची परीक्षा

पहिला नियम असा, की लेबलावर व सोबतच्या पत्रकात मिश्रणाची शिफारस नसेल, तर दोन औषधे एकत्र करूच नयेत. खालील परीक्षा ही शिफारस असलेल्या मिश्रणाची आपल्या पाण्यात खात्री करून घेण्यासाठी आहे. नवी मिश्रणे शोधण्यासाठी नव्हे.

१. हातमोजे, तोंडावर योग्य मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा घालून, उघड्या जागी, मुले व जनावरे यांपासून दूर काम करावे.

२. झाकणाची स्वच्छ पारदर्शक बरणी घ्यावी. तिच्यावर विषाची खूण करावी व ती पुन्हा घरात कधीही वापरू नये.

३. ज्या पाण्याने फवारणी करावयाची, तेच पाणी अर्धा लिटर घ्यावे.

४. मात्रा पंपाच्या प्रमाणात घ्यावी. १५ लिटरच्या पंपास लेबलाप्रमाणे ३० मिलिलिटर औषध लागत असेल, तर एक लिटर मिश्रणास २ मिलिलिटर पुरे. भुकटी १५ ग्रॅम लागत असेल, तर १ ग्रॅम घ्यावी.

५. प्रथम पाण्यात मिसळणारी भुकटी घालून ढवळावे. ती एकजीव झाल्यावर दाट प्रवाही, त्यानंतर तेलकट प्रवाही औषध, मग पाण्यात विरघळणारे औषध आणि अखेरीस चिकट द्रव्य घालावे. प्रत्येक खेपेस नीट मिसळल्याखेरीज पुढचे घालू नये. शेवटी पाणी घालून एक लिटर पुरे करावे.

६. झाकण लावून बरणी हलवावी व अर्धा तास स्थिर ठेवावी. गोळे, दह्यासारखा साका, बुळबुळीत लगदा किंवा वर तेलाचा तवंग दिसला, अथवा बरणी गरम लागली, तर ते मिश्रण वर्ज्य समजावे. भुकटीचा थोडा गाळ तळाशी बसून हलविताच पुन्हा एकजीव होत असेल, तर तो दोष नव्हे.

७. उरलेले द्रावण विहीर, नाला व गुरांच्या पाण्यापासून दूर, पडीक जागी खड्डा करून पुरावे.

मिश्रण बरणीत टिकले म्हणजे ते पिकाला वा मनुष्याला निर्धोक ठरले, असा अर्थ कोणी घेऊ नये. बरणी फक्त एवढेच सांगते, की द्रावण फाटत नाही. विषाची जहालता लेबलावरील त्रिकोणाच्या रंगावरून ओळखावी. लाल त्रिकोण सर्वांत जहाल होय.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ही परीक्षा गावोगाव दाखविण्यासारखी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पोळ्याच्या सुमारास, फवारण्यांचा जोर होण्यापूर्वी, ग्रामपंचायतीच्या अंगणात ती करून दाखवावी. औषधाला हात लावण्याआधी एका पेल्यात गढूळ पाणी व शेवग्याच्या बियांची पूड घेऊन विरुद्ध भारांचा खेळ लहानथोरांना दाखविता येईल. डोळ्यांनी पाहिलेले दहा व्याख्यानांपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. शंका असल्यास कृषि विज्ञान केंद्राचा किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मजुरांच्या मनावर पुढील गोष्टी विशेषकरून बिंबवाव्यात. तुंबलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. ते पाण्याने धुऊन मऊ ब्रशने साफ करावे. मिश्रण हाताने ढवळू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून फवारू नये. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणे किंवा अतिघाम यांपैकी काहीही जाणवल्यास काम तत्काळ थांबवावे, कपडे बदलून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाचे लेबल सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

साबणाचे पापुद्रे आणि भारित माळा डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु त्यांचा व्यवहार अर्ध्या तासात बरणीच्या काचेतून पाहता येतो. वावरात पाऊल टाकण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी तेवढा अर्धा तास अवश्य द्यावा. त्या अर्ध्या तासाने त्यांचे औषध वाचेल, दिवस वाचेल आणि पंप पाठीवर घेणारा मनुष्य संध्याकाळी सुखरूप घरी परतेल.